चंदनबाईंची वाटी आणि माझं मागचं दार

अरे, थांब जरा, आत्ता माझ्याकडे काय चाललंय ते ऐकून तरी जा. मी बोलतोय, जळगावचा जिनवाला बंगला. हो, तोच, रंगीत काचांचा, ज्याच्यासमोर सगळे नवरानवरी फोटो काढतात.

मला कापसाचं जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, चालवणाऱ्या एका व्यापाऱ्यानं बांधलं. तेव्हा माझ्यात कापसाच्या गाठी रचायचे, आता लग्नाच्या बांधतात. मधल्या दिवसांत सभा. सभेत माणसं नाश्ता येईपर्यंतच भांडतात, एवढं मला कळलंय.

माझा कारभार चिंधाभाऊ बघतो. फोनवर फार गोड. गौतमचंद शेठना मुलाच्या, मननच्या, सगाईसाठी म्हणाला, "सगळं तुमचंच आहे." रावेरच्या केळीवाल्यांना सभेसाठी म्हणाला, "बठ्ठं तुमनंच शे." तारीख एकच. दोन भाषांत सांगितलं की दोन बंगले होतात, असं त्याला वाटलं असावं.

झालं. पुढे हॉलमध्ये सगाई, मागे अंगणात सभा. आणि रावेरची सभा म्हटल्यावर भरीत आलंच. कपाशीच्या काड्यांवर वांगी, वर लसूण, हिरवी मिरची. धूर सरळ हॉलमध्ये.

मननची आई चंदनबाई. घर जैन, त्यांच्याकडे वांगं बंद, लसूण बंद. होणाऱ्या सुनेला, मुस्कानला, पसंत केलं तेच मुळी "पोरगी लसणाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही" म्हणून. आणि अंगठी घालायच्या आधी हीच पोरगी मननबरोबर माझ्या मागच्या खोलीत बसलीय. खिडकीच्या गजांतून केळीवाल्यांनी भरताचा द्रोण दिलाय.

"भाकरी संपली," मनन म्हणाला.

"मग बोटानं चाट. हॉस्टेलला मी तेच करायचे."

तेवढ्यात चंदनबाई दोघांना शोधत आल्या. या खोलीचं दार फुगून अडकतं म्हणून सगळे मला शिव्या देतात. आज मी ते मुद्दाम आवळून धरलं. त्यांनी ढकललं, खांदा लावला.

"चिंधाभाऊ, हे दार उघडलं नाही तर लग्न हायवेच्या लॉनवर करू."

"अक्का, ते दार मनं बी ऐकत नही," म्हणत चिंधाभाऊ सटकला.

हे लग्न गेलं तर माझ्या भिंतींना यंदा रंग लावायचे पैसेही गेले. तरी धरून ठेवलं.

मग चंदनबाई दाराशी वाकून एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "मनन बेटा, जरासं मलाही दे."

इथेच माझी पंचाईत झालीय. त्यांच्या एका हातात स्टीलची वाटी आहे. दुसऱ्या हातात फोन, आणि पलीकडून गौतमचंद शेठ विचारताहेत, "सापडले का?"

मी अजून दार धरून आहे. खरं सांग, माझ्या जागी तू असतास, तर उघडलं असतंस का?