ताण उतरलेली पाती

झुबैदा बैठकीला पोचल्या तेव्हा त्यांच्या हाताखालचा हिशाम सांगत होता, "पात्यांचा ताण उतरलाय. काक झुबैदांनी स्वतः मोजलाय." काक म्हणजे मलायमध्ये ताई.

विमान कंपनीचा माणूस खूश झाला. म्हणजे जुनीच पाती परत इंजिनात बसणार.

झुबैदा दारातच थबकल्या. आकडे त्यांचेच होते, अर्थ मात्र उलटा. पात्याच्या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्यावर पांढरा लेप. लेसर सोडला की तो आतला थर लाल चमकतो, आणि लालीची छटा जरा सरकते, त्यावरून थर किती दाबाखाली आहे, म्हणजेच त्यात किती ताण आहे, ते कळतं. धड थर दाबलेलाच असतो. दाब उतरला म्हणजे थराची धातूवरची पकड सुटली. मग लेप गळणार आणि उघडं पातं उडत्या विमानात जळणार.

सिंगापूरच्या या दुरुस्ती कारखान्यात आला त्या दिवशी हिशामने हीच चूक केली होती. "ताण कमी, म्हणजे बरंच की, काक!" त्या हसल्या होत्या, "मेलेल्याची नाडीसुद्धा शांतच असते रे!" तेव्हापासून तो त्यांना थोरली बहीण मानायचा. ईदचं रेंदांग, ते मसालेदार मटण, आधी त्यांच्या घरी यायचं.

विसरला असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. वरिष्ठांची घाई होतीच. त्या त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. समोर टेबलावर नमुन्याचं पातं होतं.

"ताण उतरला म्हणजे काय, ते सांगितलंस का यांना?"

"सांगितलं ना, काक. चहा घ्या तुम्ही."

बर्फाच्या चहाचा पेला त्याने त्यांच्यापुढे सरकवला. पेल्याला बाहेरून पाणी सुटलं होतं. त्याने आधी बोटं शर्टाला पुसली, मग पातं अलगद उचललं आणि लांब, कोरड्या जागी ठेवलं.

सुटत आलेल्या लेपाला पाण्याचा थेंबही सोसत नाही, हे त्याला झुबैदांनीच शिकवलं होतं. तो काहीच विसरला नव्हता.

"किती जपतोस रे," त्या हळूच म्हणाल्या.

"काक, आत्ता नको," तो पुटपुटला. "घरी येऊन सगळं सांगतो."

त्यांनी पातं जवळ ओढलं आणि पेल्यावरचा थेंब बोटाने त्यावर सोडला.

"आंटी, पात्यालाही चहा?" विमान कंपनीचा पाहुणा हसला.

"जरा थांबा."

थोडा वेळ काहीच झालं नाही. त्या क्षणी झुबैदांना वाटलं, आपलंच मोजमाप चुकलेलं असू दे. मग टक्कन आवाज झाला आणि नखाएवढी पांढरी कपची उडून टेबलावर पडली.

सगळे दचकून पात्यावर वाकले. झुबैदा हिशामकडे पाहत होत्या. तो एकटाच दचकला नव्हता.