जनरेटरचा ट्रेलर आणि माझा भाऊ

तो जनरेटर घरी यायच्या आधी माझ्या नवऱ्याला संशय घ्यायची सवय नव्हती, असं मी म्हणणार नाही. होतीच. पण तोवर ती नारळ उतरवणाऱ्या पाडेकऱ्यावर आणि दूधवालीवर भागत होती.

डिचोलीकडच्या खाणी बंद पडल्या तेव्हा तिथलं सामान मिळेल त्या भावाने निघालं. लोकांनी पत्रे आणले, पाइप आणले. कृष्णनाथांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, जनरेटर आणला. दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेला, रंग उडालेला, खाणीच्या लाल धुळीने आतबाहेर माखलेला. दारात पिकअप होतीच. काजू, चिरे, लग्नाच्या खुर्च्या असं सगळं तिच्यातून जायचं, आणि ती चालवायचा माझा धाकटा भाऊ सगुण. माझं माहेर नदीपलीकडे, सातार्ड्याला. सगुण आठवडाभर आमच्याकडे राहायचा आणि एक दिवस घरी बायकोमुलांकडे जायचा. पिकअपच्या मागे हूक बसवून घेतला, ट्रेलर जोडला आणि आमचा नवा धंदा सुरू झाला. कुठे जत्रा, कुठे दशावतारी नाटक, कुठे लग्न, वीज गेली की आमचा जनरेटर.

जनरेटरमधलं डिझेल बोलावणाऱ्याचं, गाडीतलं आमचं. त्या गाडीतल्या डिझेलनेच माझ्या भावाला चोर ठरवलं.

नुसती पिकअप लिटरला बारा-तेरा किलोमीटर जायची. ट्रेलर लागल्यावर ती आठावर आली. कृष्णनाथांना हे कुणी सांगावं लागलं नाही. निघताना टाकी भरायची, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा भरायची, आणि मधला हिशेब तोंडपाठ. पहिल्या वेळी त्यांनी हिशेब पुन्हा एकदा केला. दुसऱ्या वेळी जेवताना त्यांनी सगुणला विचारलं, वाटेत कुठे थांबला होतास. तिसऱ्या वेळी त्यांनी मला विचारलं, तुझ्या भावाच्या घरी पंप आहे का, शेतातला, डिझेलचा.

मी हातातला डाव तसाच टोपात टाकला. म्हटलं, "एवढो डोंगर मागे बांधल्यार गाडी जास्त पिवची नाय?"

"डोंगर मागे आसा, गाडयेत नाय," ते म्हणाले. "त्येका आपली चाकां आसत मगे? आपल्या चाकांर चलता तो. गाडयेर वजन खंय इला?"

हे त्यांचं शास्त्र. गाडीत चिरे भरले तर वजन गाडीवर, ते त्यांना मान्य. पण मागून येणारा ट्रेलर स्वतःच्या पायांनी येतो, त्याचा गाडीला काय त्रास. मी म्हटलं, म्हशीलाही स्वतःचे चार पाय असतात, नदीतून ओढून आणताना दम कुणाचा निघतो बघा. ते हसलेसुद्धा नाहीत. मी म्हटलं, मग एक दिवस ट्रेलर सोडून त्याच रस्त्याने गाडी फिरवून आणा, काय ते कळेल. त्यावर म्हणाले, "डिझेल जाळून डिझेल मेजूचा? शाणी आसस."

सगुणला विचारलं तर तो आपला मान खाली घालून उभा. त्याला बोलताच यायचं नाही. "माका काय ठावक भावोजी. जास्त पिता खरा. चढावार तर पहिल्या गेरार येता." बस्स, एवढंच. दुसरा कोणी असता तर गॅरेजवाल्याला घेऊन आला असता, भांडला असता, गाडीची चावी तोंडावर फेकून गेला असता. हा चोर म्हटलं तरी ओशाळल्यासारखा हसायचा, आणि त्या हसण्याने कृष्णनाथांचा संशय आणखी पक्का व्हायचा. मला तेव्हा दोघांचाही राग यायचा.

शेवटी त्यांनी प्रसाद लावायचं ठरवलं.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट अडली की देवाला विचारतात. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, हरवलेली गाय कुठल्या दिशेला. गुरव देवाच्या अंगावर पिटकोळीच्या फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी स्वतः माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या आधी विचारलेलं आहे. तेव्हा हसण्याचा अधिकार मला नाही, आणि मी हसतही नाही. पण लिटरला किती किलोमीटर हे देवाला विचारायची बुद्धी माझ्या नवऱ्यालाच व्हावी!

सोमवारी सकाळी देवळात वाड्यावरचे दहाबारा लोक जमले. गुरव नारायणकाका गाऱ्हाणं घालू लागले. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या गाडयेचा डिझेल सरता, त्येचो मेळ बसना. ह्या सगुणाचो हात त्येच्यात मळलेलो आसात तर उजवो दी, हात निवळ आसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. सगुणही म्हणाला. सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणाला. खात्री होती ना त्याला.

उजवी पाकळी पडली.

सगुण तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने मला शोधलं. मी खांबाजवळ उभी होते. "बाय, मी घेवक नाय," एवढंच म्हणाला, आणि तेही असं, जणू मलाच विचारतोय. कोणी त्याला शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. लोक बाजूला सरकले आणि त्याला वाट दिली. दुपारच्या बसने तो सातार्ड्याला गेला. जाताना त्याने मुद्दाम पिशवी उघडून मला दाखवली, आत दोन शर्ट आणि मुलीसाठी घेतलेल्या पेन्सिली होत्या. मी ती पिशवी त्याच्या हातातून ओढून बंद केली.

मग कृष्णनाथ स्वतः गाडी चालवू लागले. पेडण्याचा चढ, मोप्याचं पठार, दोडामार्गाची वळणं, सगळीकडे तो जनरेटर मागे घेऊन. आठपंधरा दिवसांनी तिठ्यावरच्या हॉटेलात चहा पिताना सांगू लागले, बघा, आता बारा देते गाडी. लोक म्हणाले, देवाने बरोबर दाखवलं. घरी येऊन मलाही तेच सांगितलं. त्या दिवसांत माझ्या मनातही एकदा येऊन गेलं की कोण जाणे, सगुणला पैशांची नड असेल. भावाबद्दल असं मनात आणायला लावलं, म्हणून मी नवऱ्याला अजून माफ केलेलं नाही.

गोठ्यामागच्या खोपीत मी माडाची वाळकी चुडतं काढायला गेले तेव्हा वास आला. चुडतांखाली दोन कॅन होते. एक रिकामा, एक अर्धा. आधी वाटलं, जनरेटरचं असेल, बोलावणाऱ्यांचं उरलेलं. पण जनरेटरचे कॅन पडवीत असायचे, ते लपवायचं काय कारण? दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात शेण काढत होते. कृष्णनाथ कॅन घेऊन आले, पिकअप खोपीच्या आडोशाला लावली आणि नरसाळं लावून टाकीत डिझेल ओतू लागले. डिचोलीच्या पंपावरून आणायचे, हे नंतर त्यांनीच सांगितलं, आणि इथे गुपचूप ओतायचे. म्हणजे गावच्या पंपावर टाकी थोडक्यात भरायची. गाडी आठच देत होती. माझा नवरा स्वतःच्या गाडीत चोरून डिझेल घालत होता!

मी शेणाच्या हातांनी तशीच समोर जाऊन उभी राहिले. डिझेल त्यांच्या पायावर सांडलं.

"सगुणान घेवक नाय," मी म्हटलं.

"नाय," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांचं म्हणायला हवं. "माका पयल्याच खेपेक कळला."

"मगे सातार्ड्याक जावा आणि सांगा त्येका."

"काय सांगू? देव खोटो म्हणान सांगू?" ते माझ्यावर ओरडले. "सगळ्या गावान बघलो उजवो प्रसाद. आता मी एकटो उठान सांगू, देव चुकलो, लिटराक आठच जाता?"

"देव चुकाक नाय, तुमी चुकलास."

"लोक तसा म्हणतले?"

मी खूप बोलले. भांडले, रडले, दोन दिवस एका ताटाला बसले नाही. उपयोग शून्य. त्यांना माझ्या भावाचं वाईट वाटत होतं, हेही मला दिसत होतं, आणि त्याचीच जास्त चीड येत होती. वाईट वाटून घेऊन माणूस कॅन आणखी खाली लपवायचा. तेव्हा मी ठरवलं, आपणच सातार्ड्याला जायचं.

मी जायच्या आधी सगुणच आला. थेट देवळात गेला, आणि तिथून कुणीतरी आम्हाला बोलवायला आलं. आम्ही पोचलो तेव्हा तो देवासमोर बसला होता, पुढ्यात नारळ आणि तेलाची बाटली. सुकला होता. माझ्याकडे न बघता तो नारायणकाकांना सांगू लागला की देव खरा आहे, आपणच आंधळे होतो. घरी गेल्यापासून रोज आठवून बघत होता, आणि मग आठवलं. ट्रेलरच्या हुकाचं ग्रीस हाताला लागायचं. ते साबणाने जायचं नाही. तो गाडीच्या टाकीतलं थोडं डिझेल नळीने हातावर घेऊन हात धुवायचा. दर खेपेला.

"माझो हात मळलेलोच होतो म्हाराजा," तो म्हणाला आणि रडला. "माका कळाक नाय, देवाक कळला."

ओंजळभर डिझेल. जगातला प्रत्येक ड्रायव्हर धुतो तसे हात. मी कृष्णनाथांकडे बघितलं. म्हटलं, आता बोलतील. अजून किती सोपं करून द्यायचं माणसाने? ते खांबाकडे बघत उभे होते.

मग मीच बोलले. देवळात, सगळ्यांसमोर. गोठ्यामागचे कॅन, नरसाळं, डिचोलीचा पंप, गाडी आजही आठच देते, सगळं. नवऱ्याची अब्रू गेली तर जाऊ दे म्हटलं. नारायणकाकांनी कृष्णनाथांकडे बघितलं, आणि मला वाटलं, झालं, सुटला माझा भाऊ.

"बाय, गप रव!" सगुण ओरडला. जन्मात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. "देवाच्या म्होरे असा बोलू नको. भावोजींक खोटे पाडू नको. माका देवान बुद्धी दिल्यान, ती तू काढून घेव नको." आणि त्याने माझ्यासमोर हात जोडले.

नारळ फुटला. नारायणकाकांनी एक भकल, म्हणजे अर्धी वाटी, कृष्णनाथांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि सगुणला म्हणाले, "झाला ता झाला. उद्यापासून ये कामाक."

सगुण परत आला. गाडी त्याच्याच हातात आहे, ट्रेलर मागे आहे, आणि लिटरला आठच आहेत. आता त्याबद्दल कोणी विचारत नाही. मी सांगितलेलं लोकांनी भावाच्या मायेच्या खात्यावर टाकलं. तिठ्यावर म्हणतात, देवाने पोराला सुधारलं. सगुणही तसंच म्हणतो, आणि पूर्वीपेक्षा खुशीत असतो. खोपीतले कॅन कधी गेले मला कळलं नाही.

फक्त एक नवीन आहे. रोज सकाळी निघायच्या आधी तो गाडी सुरू करतो, दार उघडून बाजूला उभा राहतो आणि हाक मारतो, "भावोजी, डिझेलाचो काटो बघून ठेवा." परत आला की पुन्हा, "काटो बघा." त्याला कोणी सांगितलेलं नाही. आणि माझा नवरा, ज्याला सगळं ठाऊक आहे, तो चहाची कपबशी खाली ठेवतो, अंगणात जातो, गाडीत डोकं घालतो आणि काटा बघतो.