चोथ्याचा काढा

मित्रांनो, मी एक जुनी मातीची किटली आहे. माझा जन्म योक्काइची शहरातल्या कुंभाराच्या भट्टीत झाला. तिथली माती विस्तवाला घाबरत नाही, म्हणून माझ्या नशिबी चहा आला नाही, काढा आला. दुकानात शेजारच्या किटल्यांवर फुलं रंगवलेली होती, माझं अंग कोरं होतं. सातोएबाईंनी मला उचललं, बुडावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "ही तडकायची नाही." माझं आयुष्यात झालेलं कौतुक तेवढंच.

बाई शिरोको गावच्या. त्यांचे यजमान तोकुजी जाड कागदावर नक्षी कोरत. त्या कागदाच्या भोकांतून किमोनोच्या कापडावर रंग चढतो. नखाएवढ्या जागेत शंभर भोकं पाडणारा माणूस! पण त्यांच्या उजव्या डोळ्याला काचबिंदू झाला आणि नजर कडेकडेने मिटू लागली. थेंब चालू होतेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्यातलं रक्त मंद वाहतंय. जोडीला आपला जुना काढा घेऊन बघू. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. गेलेली नजर काही परत येणार नाही."

मग रोज सकाळी माझ्या पोटात दालचिनीची साल, पिओनीच्या फुलझाडाचं मूळ, पीचच्या बियांचा गर पडू लागला. पाणी निम्मं आटेपर्यंत बाई माझ्यासमोरून उठत नसत. तोकुजी काढा एका घोटात संपवत आणि वाडगा आपटत.

"काढा आहे की गटार? तुझ्या हाताला लागलं की औषधाचंही विष होतं."

"कडू असतोच तो, अहो."

"तोंड चालवू नकोस. विस्तव बघ."

चार महिन्यांनी इस्पितळातून डोळ्याच्या आतलं रंगीत चित्र आलं. आधीच्या चित्रात जिथे निळं होतं, तिथे आता लाल दिसत होतं. लाल म्हणजे रक्त नीट वाहतंय. बाईंनी ते भिंतीवर चिकटवलं.

"माझं रक्तच दमदार आहे," तोकुजी म्हणाले. "तुझ्या पाण्याने काय होतंय!"

बाई चोरून कोरत असत, हे फक्त मला ठाऊक होतं. दुपारी यजमान डुलकी घेत, तेव्हा त्या चुलीशी बसून पातं चालवत. अकरा महिन्यांत एक कागद पुरा झाला. लाटा आणि लाटांवरून उडणारे बारीक बारीक पक्षी. एका सकाळी त्यांनी धीर करून तो कागद तोकुजींपुढे ठेवला.

तोकुजींनी तो खिडकीच्या उजेडात धरला. चांगल्या डोळ्याने बराच वेळ पाहिला. काम खरोखर उत्तम होतं, आणि ते त्यांना कळलं होतं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा मला स्वतःच्या हाताने विस्तवावरून उचललं आणि त्या कागदावर ठेवलं.

"किटलीखाली ठेवायला बरा आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, माझं बूड रसरसलेलं होतं. मला जागचं हलता येत नाही. माझ्याखाली ते पक्षी करपत गेले. बाई कागद गार होईपर्यंत बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यात पाणी ओतलं, पण कालचा चोथा काढला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, सहाव्या दिवशीही नाही. औषधाच्या नव्या पुड्या मागच्या मुळ्याच्या वाफ्यात पुरल्या गेल्या. उकळून उकळून चोथ्यात नावाला रंग उरला, नावाला वास. मला वाटलं, आता वाडगा भिंतीवर फुटणार. तोकुजी शांतपणे प्यायले.

"आज काही बोलला नाहीत?" बाईंनी विचारलं.

"बराय," ते म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा निवला. किती भोळी मी!

असंच वर्ष गेलं आणि नवं चित्र आलं. लाल सगळं विरून निळं झालं होतं. इस्पितळातून परतल्यावर बाई चाचरत म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई विचारत होत्या, काढा रोज घेता ना. तुम्ही हो म्हणालात."

"घेतोच की."

काढ्याने फरक पडला की दुखणंच वाढलं, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. पुढच्या वसंतात उजवा डोळा गेला. मग डावाही मिटू लागला. कोरायची पाती तेल लावून पेटीत गेली. तोकुजी भिंत चाचपत चालू लागले, तेव्हा बाईंना राहवेना. एका सकाळी त्यांनी चोथा उपसून फेकला, मला तीनदा घासलं आणि नवी पुडी उकळली.

तोकुजींनी एक घोट घेतला आणि हसले.

"आज ताजा आहे."

बाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. "तुम्हाला कळत होतं?"

"तिसऱ्या दिवशीच कळलं. शंभरात एक भोक चुकलं तर मला कळतं, काढा कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? अहो, डोळा होता तो तुमचा!"

"बोललो असतो तर तू रडली असतीस, माफी मागितली असतीस, विषय मिटला असता. आता तो मिटायचा नाही. धर हात. संडासाला जायचंय."

बाईंनी हात धरला.

मित्रांनो, अजूनही रोज माझ्यात ताजा काढा उकळतो. डाव्या डोळ्यात उजेडाची चीर उरली आहे, तिच्यासाठी. माझी एकच विनंती आहे. घरातल्या किटलीत शिळं ठेवू नका, आणि मनाला जे लागलं ते त्याच दिवशी बोलून टाका. मला नुसती तोटी आहे. त्या दोघांना जीभ होती.