डॉक्टरणीला आधीच कसं कळलं

हुसेनबीला त्या मशीनचा संशय पहिल्याच दिवशी आला. एरवी सोनोग्राफी म्हणजे पोटावर गार जेल लावायचं, जरा फिरवून बघायचं, झालं. पण कोल्हापूरच्या या डॉक्टरीणबाई, संयोगिता मॅडम, तिच्या सुनेच्या पोटावर एकाच जागी अडून बसल्या होत्या. पडद्यावर तांबडं-निळं लुकलुकत होतं.

"एवढं काय बघतायसा?"

"बाळाच्या फुप्फुसाकडं जाणारं रक्त, आजी. हवं तसं वाहत नाहीये. त्यात तहरीमची शुगर वाढलेली. फुप्फुसं अजून कच्ची असावीत. बाळ लवकर आलं तर श्वासाला जड जाईल. बाळंतपण तुमच्या गावात, हुपरीत नको, इथंच करा."

बाहेर येताच हुसेनबीनं लेकाला बाजूला घेतलं. तौसीफ हुपरीत पैंजणांना पॉलिश करायचा.

"पोटातलं लेकरू श्वास तरी घेतंय व्हय? मग त्येला दम लागणार हे हिला कुठनं कळलं? गिऱ्हाईक बांधून ठेवायचा धंदा हाय ह्यो. तुमी सगळी हुपरीतच झालासा की."

तौसीफनं वाद घातला नाही. पण नववा लागता लागता भरदुपारी कळा सुरू झाल्या आणि हुसेनबी नर्सबाईला बोलवायला निघाली, तोवर त्यानं शेजाऱ्याची गाडी दारात आणून उभी केली होती.

"अम्मा, बस."

कोल्हापूर येईपर्यंत ती मागच्या सीटवर तहरीमची कंबर चोळत राहिली.

मुलगी झाली. रडली, आणि मग प्रत्येक श्वासाला कण्हायला लागली. बरगड्यांखाली खळगा पडत होता. बाळांचे डॉक्टर आधीपासूनच थांबलेले, काचेची पेटी गरम करून ठेवलेली. नाकात नळ्या घालून मुलीला घेऊनही गेले. ती सगळी तयारी बघून हुसेनबीच्या मनात भलतंच आलं. त्या मशीननंच तर केलं नसेल?

संध्याकाळी तिनं संयोगिता मॅडमना व्हरांड्यात गाठलं.

"तुमी एकाच जागी मशीन दाबून धरलं, म्हणून तर माझ्या नातीला ह्ये झालं न्हाय न्हवं?"

मॅडम रागावल्या नाहीत. "नाही आजी. ते आवाज आत सोडतं आणि परत आलेला ऐकतं, एवढंच. आणि माझा अंदाज दरवेळी खरा ठरतो असंही नाही. त्या कोडोलीच्या बनाबाईंच्या सुनेलाही हेच सांगितलं होतं. बाळ ठणठणीत निघालं. वॉर्डातच आहेत त्या."

हुसेनबीनं तेही तसंच मानलं नाही. वॉर्डात जाऊन बनाबाईला शोधून काढलं.

"तुमच्या सुनेचंबी असंच बघितलं व्हतं व्हय? एकाच जागी?"

"व्हय की. लई वेळ. आमाला बी घाबरवलं. पण पोरगं बघा, कसं झोपलंय."

हुसेनबीनं त्या पोराची छाती वरखाली होताना बराच वेळ बघितली. मशीननं केलं म्हणावं, तर ह्याला का नाही केलं? डॉक्टरीण फसवणारी म्हणावी, तर स्वतःची चूक अशी कोण सांगतं?

दोन-तीन दिवसांनी नळ्या निघाल्या. तहरीमनं मुलीला पहिल्यांदा अंगावर पाजलं. हुसेनबीनं नातीच्या पाठीवर अलगद हात ठेवला. श्वास सरळ चालला होता, कण्हणं थांबलं होतं. तौसीफ शेजारी येऊन उभा राहिला.

"हुपरीत असतो तर ही पेटी नव्हती," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "डॉक्टरीण खोटी न्हाय. पर आवाज ऐकून त्या मशीनला पोटातलं कळतं, ह्ये मात्र मला अजून खरं वाटत न्हाय."