मधल्या सीटवरचा घड

“त्याले बेल्ट लाव,” आबा म्हणाले.

त्याले म्हणजे केळीच्या घडाला. उजाडायच्या आत, जळगावात मेहरूणला आमच्या बिल्डिंगखाली, माझ्या सासऱ्यांनी तो गाडीच्या मागच्या सीटवर मधोमध बसवला होता. सासूबाईंच्या जांभळ्या साडीत गुंडाळून.

“आबा, डिकीत ठेवू ना,” हितेंद्र म्हणाला. हितेंद्र माझा नवरा. बाहेर कितीही मोठा आवाज असला तरी आबांसमोर तो निम्म्यावर येतो.

“डिकीत दबते. डागी घड कोनाच्या घरी नेतेत का?”

“घरी कुठे? द्राक्षबागेत तंबूत राहायला चाललोय आपण. पैसे भरलेत त्याचे.”

“म्हनून रिकाम्या हातानं जायाचं?”

मी धुळ्याची. कोणाला चिडवायचं असलं की माझी अहिराणी आपोआप बाहेर येते. “आबा, बठ्ठं घर उचली लई उनात का?” म्हणजे, सगळं घरच उचलून आणलंत का?

“तू पुढं बैस, धुयेवाली,” आबा म्हणाले. मग घडाशेजारी बसून त्यांनी त्याच्यावर हात ठेवला, तापातल्या माणसावर ठेवावा तसा. पलीकडच्या खिडकीशी आमची लेक मोहिनी गुडघे आवळून बसली. बेल्ट लागला. गाडी निघाली.

मी जिनिंगच्या ऑफिसात हिशेब लिहिते. त्यामुळे माणूस दिसला की डोक्यात दोन बाजू पडतात, जमा आणि नावे. आबांची जमेची बाजू मात्र कोरी. त्यांच्या रावेरच्या शेतातून केळ्यांची फणी घेतल्याशिवाय कोणी गेलेलं नाही. पोस्टमन नाही, वाट चुकलेला नाही. बिल थकलं म्हणून वीज तोडायला आलेला माणूससुद्धा आधी वीज तोडून मग फणी घेऊन गेला. उलट आबांना कोणी काही द्यायला लागलं की यांचे हात पाठीमागे. आयुष्यात एकच निमंत्रण त्यांनी मनापासून घेतलं, आणि नेमकं तेच राहून गेलं.

धुळं मागे पडल्यावर ते मोहिनीला ती गोष्ट सांगू लागले. ठिबक बघायला आलेली द्राक्षवाल्यांची बस रावेरला बंद पडली होती. त्यातला तोताराम नावाचा शेतकरी रात्री आबांच्या शेतात राहिला. सासूबाईंनी कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजून भरीत केलं, केळीच्या पानावर वाढलं.

“थंडी कशी! तुही आजी म्हने, पाहुन्याले घरात न्या. तो म्हने, नाही वहिनी, मी इथंच बरा. सकायी घड दिला त्याले, तं रडाले लागला.”

“केळ्यांसाठी?” मोहिनीनं विचारलं.

“तुही आजी म्हने, रातचं भरीत तिखट झालं व्हतं.”

जाताना तोताराम सांगून गेला, द्राक्षाच्या दिवसांत या, जोडीनं या. सासूबाईंनी त्यासाठी ही जांभळी साडी घेतली. दर माघात ती कपाटातून निघायची आणि दर माघात परत जायची. केळीला पाणी होतं, लाइट रात्रीची होती, मजूर पळालेले होते. “औंदा नही, पुढल्या साली,” आबा म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी सासूबाई, आबांची कुंदा, गेल्या. साडी कोरीच राहिली.

म्हणूनच, गोव्याला नको आणि महाबळेश्वरला नको म्हणणारे आबा, हितेंद्रनं मोबाइलवर दिंडोरीपलीकडच्या तोतारामच्या गावाचं नाव वाचलं तेव्हा अंथरुणात उठून बसले होते.

बागेत पांढरे तंबू होते, दिव्यांच्या माळा होत्या आणि दाराशी पाटी होती: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. टोपी घातलेला किरण नावाचा मॅनेजर आबांच्या खांद्यावरचा घड पाहून थबकला.

“काका, हे आत नाही चालणार.”

“तुमच्यासाठीच हाये. मालक कुठी?”

“मालक पुण्याला असतात.”

“आन् तोताराम?”

किरणनं टोपी काढली. “तोतारामबाबा? ही जमीन त्यांचीच होती. आमचं घर शेजारी. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, काका. मग मुलांनी विकली आणि नाशिकला गेली.”

हितेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. आबांनी घड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि द्राक्षांच्या ओळींकडे बघत उभे राहिले.

“म्हंजे कुंदा आतापर्यंत जाऊन आली आसीन त्याच्याकडं,” शेवटी ते म्हणाले. “माहंच राह्यलं.”

किरण त्यांच्याकडे निरखून बघत होता. “तुम्ही रावेरचे का? भरीतवाले? बाबा सांगायचे, इतकं तिखट खाल्लं की दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा डोळ्यांना पाणी.” त्यानं टोपी पुन्हा घातली. “आणा आत. पाटीचं मी बघतो.”

आबांनी बागेच्या कडेची तार ओढून पाहिली, साडी सोडली आणि घड सुतळीनं टांगला. बारक्या काळ्या द्राक्षांच्या घोसांमध्ये तो आमचा पिवळा घड म्हणजे लहान मुलांच्या वर्गात बसलेला पैलवान. लोक फोटो काढू लागले. एका बाईंनी विचारलं, “आजोबा, डझन कसे दिले?”

हितेंद्र बुटांकडे बघू लागला.

“हा मया आमच्या मित्राचा हाये, बाई, त्याचीच बाग. इथं इकत नाही. न्या.”

एवढं झाल्यावर आबांची पाहुणचाराची दुकानदारी जी सुरू झाली, ती संध्याकाळपर्यंत. प्रत्येक तंबूत केळी पोचली. कोणी एक घेतलं तर ते रागावत. अंधार पडल्यावर हितेंद्र पेला लपवत म्हणाला, “आबा, द्राक्षाचा रस आहे.”

“आसीन. पी. पन फोटो काढू नको, रावेरपर्यंत पोचते.”

सकाळी तारेला नुसता दांडा लोंबत होता. आबांनी तो सोडला आणि एका वेलाच्या बुडाशी माती उकरून पुरला. “खत व्हईन,” एवढंच म्हणाले. निघताना किरणनं त्यांच्यापुढे द्राक्षांचा एक घड धरला. मी आबांच्या हातांकडे पाहत होते. ते सवयीनं मागे गेले, तिथेच घुटमळले आणि मग दोन्ही पुढे आले.

गाडीत बसल्यावर त्यांनी एक मणी तोंडात टाकला. “बियाच लय,” म्हणाले. दुसरा घेतला नाही.

धुळं आलं तेव्हा मी आरशातून मागे पाहिलं. आबा त्यांच्या खिडकीशी, मोहिनी तिच्या. मध्ये घडी घातलेली जांभळी साडी आणि तिच्यावर द्राक्षं. एरवी अख्खी सीट अडवणारी माझी मुलगी गुडघे आवळूनच बसली होती. आणि मधला बेल्ट, तो आबांनी सांगायच्या आत तिनं स्वतःच साडीवरून लावला होता.