निळं ठिगळ

"ही निळी दोरी काढा, काका. काचेत घाणेरडी दिसेल."

स्टेडियमच्या नव्या संग्रहालयाचा साहेब बुटाच्या टोकाने जाळी दाखवत होता.

"पाय मागे घ्या," मी म्हणालो. "आणि मी तुमचा काका नाही."

एकतीस वर्षं मी या मैदानाचं गवत कापलं, रेषा मारल्या. बायको गोलच्या जाळ्या सांधायची. देशाने विश्वविजेतेपद मिळवलं त्या सामन्यात मध्यंतराला जाळी वीतभर फाटलेली दिसली. पांढरी दोरी संपली होती. आमची खोली मैदानामागेच. ती धावत गेली, वाळत घातलेले कपडे खाली टाकून दोरी तोडून आणली आणि नव्वद हजार लोकांसमोर गुडघे टेकून भोक बुजवलं. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, तो चेंडू तिथेच अडकला.

गोल मारणाऱ्याचा पुतळा फाटकाशी आहे. बायको मार्चमध्ये गेली, तेव्हा कार्यालयातून कुत्रंही फिरकलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. आता जाळी नीट करायला मी आठवलो.

"पाटीवर तिचं नाव लिहा," मी म्हणालो. "निळी का, ते लोकांना कळेल."

"पाटी छापून आलीये. खेळाडूंचीच नावं मावत नाहीत, त्यात तुमच्या मंडळींचं कुठे घालू? पांढऱ्या दोरीने करून टाका. तुम्हाला येतं ना?"

"येतं."

"मग झालं तर. उद्या मंत्री येतायत."

तो चहाला गेला. मी कात्री घेतली. निळ्याला धक्का न लावता भोवतालची पांढरी दोरी कापत गेलो. ठिगळ अख्खं हातात आलं.

साहेब परतला आणि ओरडला, "अहो, भोक पाडलंत!"

"होतंच ते. जाळी तुमची, भोकही तुमचं. ठिगळ माझ्या बायकोचं."

"चोरी आहे ही! पोलिसांत देईन."

"द्या. म्हातारा कपड्यांची दोरी घेऊन पळाला, असं लिहा. मंत्र्यांनाही वाचून दाखवा."

फाटकावरच्या पहारेकऱ्याला साहेबाचा फोन आलेला होता. त्याने माझ्या हातातलं ठिगळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कडी काढली.

साहेबाशी मी एकच खोटं बोललो: "येतं." बायको डावखुरी होती, तिची गाठ उलटी बसायची. घरी ठिगळ समोर ठेवून मी तशी एक बांधून पाहिली.

सुटली.