हातातून सुटलेला रबरी गोळा

लिंबाएवढा, राखाडी, माणसांच्या घामाने जरासा चिकट झालेला रबरी गोळा आहे ना, तोच मी. मित्रांनो, मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही म्हणाल, रबराला कसली आली आहे भीती? अहो, माझी नोकरीच घाबरलेल्या माणसांच्या मुठीत आहे. ज्याला त्याला घाम फुटतो तो माझ्या अंगावर. मग मी तरी धीट कसा राहणार?

माझा जन्म एका कारखान्यातला. साच्यातून मला सोलून काढलं आणि एक लांब नळी शेपटीसारखी जोडली. अंगात ना तार, ना खिळा, नुसती हवा. मला वाटलं, आता आपण कुणाचं तरी खेळणं होणार. कुठलं काय! मला एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात आणलं. तिथे जाड भिंतींची एक खोली होती आणि त्या खोलीत ते मशीन होतं.

त्या मशीनची आठवण काढली तरी माझ्या अंगावर काटा येतो. मधोमध माणूस जेमतेम सरकेल एवढा बोगदा आणि त्याच्याभोवती भलंमोठं चुंबक. कुणी चुकून कात्री घेऊन आत आलं, तर ती हातातून सुटून उडत जाईल. म्हणून दारातच सगळ्यांचे खिसे रिकामे करतात, केसांतल्या पिनासुद्धा काढायला लावतात. त्या चुंबकाच्या जोरावर पोटातलं चित्र पडद्यावर दिसतं, तेही हलतं, अगदी त्याच क्षणाचं. ते बघत बघत त्याच मशीनमधून कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडतात. किरण दिसत नाहीत, लागत नाहीत, कळतही नाहीत. मला तर न दिसणाऱ्या गोष्टींचीच जास्त धास्ती वाटते.

माझं काम तसं सोपं. माणसाला आत सरकवलं की मला त्याच्या हातात देतात आणि सांगतात, काही झालं तर दाबा. मी दबलो की हवा नळीतून बाहेरच्या खोलीत जाते आणि तिथे घंटा वाजते. मशीनची ठकठक चालू असताना आतून कितीही ओरडलं तरी बाहेर ऐकू जात नाही. म्हणून तर मला ठेवलंय.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. मशीन बघायला मोठमोठे साहेब यायचे. त्यातल्या एकाने मला दाबून घंटा वाजवली आणि गालातल्या गालात हसला. पुढे मात्र सगळे मशीनचेच गोडवे गायला लागले. मी आपला प्लास्टिकच्या आकड्याला लोंबत राहिलो. मशीन चालवणारी ताई तेवढी रोज सकाळी मला एकदा दाबून बघायची. बाकी कुणी माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे.

आणि मग ड्रायव्हरकाका आले. जन्मभर शहरातली बस चालवलेला माणूस. आवाज मोठा, हात दणकट. त्यांची गाठ स्वादुपिंडात होती, म्हणजे जठराच्या अगदी मागे. आजूबाजूला चांगलं आतडं चिकटून बसलेलं. किरण जरा इकडे तिकडे झाले तर त्या चांगल्या आतड्याला जखम व्हायची. त्यात माणूस श्वास घेतो तशी गाठही वरखाली होते. म्हणून ताई पडद्यावर एक हिरवी कडी दाखवायची. काकांनी श्वास धरला की गाठ कडीत येऊन थांबायची आणि किरण सुरू व्हायचे. गाठ कडीबाहेर गेली की किरण आपोआप बंद. काकांना डोळ्यांवरच्या छोट्या आरशातून हे सगळं दिसायचं.

"अरेच्चा, हे तर बस फलाटाला लावण्यासारखं आहे!" काका म्हणाले.

"मग लावा बघू," ताई हसली. "फक्त घासू नका."

काका गमती करत होते खरे, पण त्यांच्या तळव्याला पाणी सुटलं होतं, ते मलाच माहीत. बाहेर काकू त्यांचं घड्याळ, चष्मा आणि कमरेचा पट्टा मांडीवर घेऊन बसायच्या. पाच खेपांचा उपचार होता. हा पूर्ण झाला नसता तर पुढे फारसा उपाय उरला नसता, असं डॉक्टर ताईशी बोलताना मी ऐकलं होतं.

आता खरी भीतीची गोष्ट सांगतो. बाहेरच्या बाकावर एक शहाणे गृहस्थ बसायचे. त्यांनी काकांच्या कानात भरवलं होतं, की गोळा दाबला की त्या दिवसाचा उपचार फुकट जातो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. झालं! काकांनी ते मनाला लावून घेतलं. खोकल्याची उबळ आली आणि मूठ आवळली गेली तर? म्हणून ताईने बाहेर जाऊन जाड दार लावलं, की काका हळूच बोटं उघडायचे. मी घरंगळत त्यांच्या मांडीशेजारच्या फटीत जाऊन पडायचो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी आतल्या आत ओरडलो. काका, अहो, धरा मला! पण मला आवाज कुठला? दाबल्याशिवाय मी मुकाच.

दोन खेपा निभावल्या. तिसऱ्या खेपेला काकांचा चेहरा पार उतरला होता. ताईने विचारलं, "मळमळ वगैरे नाही ना?"

"छे! ठणठणीत," काका म्हणाले.

दार लागलं आणि मी फटीत गेलो. ठकठक सुरू झाली. श्वास घ्या, सोडा, धरा. एकदा जमलं, दोनदा जमलं. मग त्यांची मांडी थरथरायला लागली. त्यांच्या घशाशी आलं होतं. माणूस उताणा, पोटावर चित्र टिपणारं मशीनचं जाड पांघरूण, तोंडापासून वीतभर अंतरावर बोगद्याचं छत. असं पडल्यापडल्या उलटी झाली तर ती श्वासात अडकते आणि माणूस गुदमरतो. माझं रबर गार पडलं.

काकांचा हात गादीवर चाचपडू लागला. बोटं माझ्यापर्यंत येता येता पुन्हा वर गेली. खाली या काका, जरा खाली! तेवढ्यात आतल्या स्पीकरमधून ताईचा आवाज आला.

"काका, बरं आहे ना? नसेल तर गोळा दाबा."

घंटा वाजली नाही. मित्रांनो, तो क्षण मी जन्मात विसरणार नाही. घंटा वाजली नाही, म्हणजे बाहेरच्यांना वाटणार की सगळं ठीक आहे. आत एक माणूस गुदमरायला आला होता, आणि मी गप्प पडून होतो म्हणून तो ठीक ठरत होता!

पण ताईची नजर पडद्यावरून हलली नव्हती. गाठ कडीतून निसटली, किरण तिथल्या तिथे बंद झाले. तसं तर श्वास सुटला की होतंच. पण या वेळी गाठ परत जागेवर येईना आणि तिच्या पुढचं जठर ओला कपडा पिळावा तसं आवळलेलं दिसलं. ताई उठून धावलीच. दार उघडलं, टेबल बाहेर सरकलं. तिने काकांना खांद्याला धरून कुशीवर वळवलं, आणि मग जे व्हायचं ते गादीवर झालं. थोडं माझ्यावरही उडालं. मला त्याचं काही वाटलं नाही. काका खोकत होते, म्हणजे श्वास घेत होते.

सगळं पुसताना मी ताईच्या हाती लागलो. तिने मला उचलून काकांसमोर धरलं.

"हा फटीत कसा गेला? काका, तुम्ही सोडून देता याला?"

काका खाली मान घालून म्हणाले, "वाया जाईल म्हटलं आजचा दिवस."

ताईने कपाळाला हात लावला. "अहो, काही वाया जात नाही! जिथे थांबलो तिथून पुढे सुरू करता येतं. तुम्हालाच काही झालं तर मी किरण कुणाला देऊ?"

त्यानंतर ताईने मला मऊ पट्टीने काकांच्या तळहाताला बांधायला सुरुवात केली. मळमळीचं औषधही आधी द्यायला लागली. चौथी खेप सुरळीत पार पडली.

पाचव्या, शेवटच्या खेपेला मात्र ठकठक सुरू होते न होते तोच काकांनी मला दाबलं. चुकून नाही, चांगलं जोर लावून. ताई धावत आली.

"मळमळतंय?"

"नाही."

"दुखतंय कुठे?"

"नाही हो." काकांचा एवढा मोठा आवाज, पण आता जेमतेम ऐकू येत होता. "भीती वाटली. हे झाल्यावरही गाठ तशीच राहिली तर? एवढंच. उगाच बोलावलं तुम्हाला."

"उगाच कशाला? त्यासाठीच दिलाय तो."

"हिला नका सांगू. ती घाबरेल."

"त्या बाहेर काय मजेत बसल्यात का?" ताई म्हणाली. तिने दारात काकूंचं सगळं काढून ठेवायला लावलं आणि त्यांना आत आणलं. काकूंनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या टेबलापाशी आल्या आणि मी होतो तोच हात त्यांनी माझ्यासकट धरला.

"अहो, मी रोज घाबरते," त्या म्हणाल्या. "तुम्ही हसत हसत आत जाता, म्हणून मला बोलता येत नाही."

मग दोघंही रडली. मी त्यांच्या हातांच्या मध्ये अडकलो होतो. ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळाने काकू बाहेर गेल्या, ताईने पुन्हा चित्र काढलं आणि उपचार पुरा केला.

काकांच्या गाठीचं पुढे काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. त्याची काळजी मला अजून लागून आहे. आता माझी नळी पिवळी पडली आहे. माझ्या जागी लवकरच नवा गोळा येईल, मग माझं काय होईल, याचीही भीती वाटते. बघा, मी सांगून टाकलं. मित्रांनो, तुम्हीही सांगत जा. आणि घरातलं एखादं मोठं माणूस, तुमचे बाबा, आजी, काका, कुणीही, "मला काही झालेलं नाही" म्हणालं, तर लगेच खेळायला पळू नका. आधी त्यांचा हात हातात घेऊन बघा. ओला लागला, तर तिथेच बसा.